जर्मलचं ताट

१२ जानेवारी १९७५, रविवार

या वहीची पुढची पानं जमाखर्चाची होती. बी.कॉम.चं दुसरं वर्ष. ती फाडून चुलीत घातली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर आजपासून लिहायला घेतलं. घरात माझ्याशी धड बोलणारं कुणी नाही. वही तरी उलटून बोलणार नाही.

सांगलीहून ट्रंक घेऊन गावी आलो त्याला महिना होत आला. झालं ते असं. होस्टेलच्या मेसमध्ये शेजारी बसलेला एक जण आमच्या वर्गातल्या विजयमालाबद्दल नको ते बोलला. माझ्या हातात वाढलेलं ताट होतं. भात, आमटी, सगळं त्याच्या डोक्यावर. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी मागा. मी म्हणालो, आधी त्याला मागायला सांगा. ते म्हणाले, मग घरी जा. आलो.

आबांना कॉलेज सुटल्याचं फारसं काही वाटलं नाही. "बैलं काय पुस्तक बगून चालत न्हाईत," एवढंच म्हणाले. पण ताटाचं ऐकलं आणि थांबले.

"वाढल्यालं ताट फेकलंस?"

"व्हय."

"मग माज्या शेजारी जेवायला बसू नगंस."

तेव्हापासून आमच्याकडं जेवणाच्या पाळ्या लागतात. आधी आबा आणि थोरला भाऊ आकारामआण्णा. ते उठले की मी एकटा. मग शालूवैनी चुलीपाशी, बाळाला मांडीवर घेऊन. आणि सगळ्यात शेवटी आई. तीसुद्धा घरात नाही. मागच्या परड्यात, शेवग्याखाली, पोचे पडलेल्या जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटात. शेराच्या कुंपणातनंच ते पाहिलं आज. म्हणजे ताट पाहिलं. भिंतीच्या खिळ्याला बाहेरच टांगलेलं असतं, घरातल्या भांड्यांत येतसुद्धा नाही. ज्या बाईनं सगळ्यांचं रांधायचं, तिनं कुत्र्यासारखं बाहेर जेवायचं!

आबा तर हात धुतले की पायात वहाणा घालतात. आण्णाला म्हणतात, "चल रं, रानात." दुपारी जरा आडवं पडणं नाही, आई जेवली का विचारणं नाही. दगड माणूस.

१९ जानेवारी, रविवार

साताऱ्याला जाऊन आलो. विजयमाला सुट्टीला घरी आली आहे हे कळलं होतं. पहाटेची एस.टी. धरली.

तिचे वडील, सुभेदार लालासाहेब, पेन्शनीत निघालेत. बायको वारली, ही एकच मुलगी. मी सरळ विषयाला हात घातला. घाबरलो नव्हतो असं नाही, पण घाबरलो की मी जास्तच मोठ्यानं बोलतो.

"कॉलेज का सोडलंत?" त्यांनी विचारलं.

"मारामारी केली."

"कशावरून?"

मी विजयमालाकडं पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. सुभेदार मोठ्यांदा हसले. "अहो मग फौजेत जायचं होतंत! तिथं मारामारीचा पगार देतात."

मग जेवायला बसवलं. टेबलावर. भांडी सगळी मधोमध, ज्यानं त्यानं आपापलं घ्यायचं. आणि विजयमालानं बापाच्या आधी स्वतःच्या ताटात कालवण घेतलं! बाप काही बोलला नाही. उलट भाकरी तिच्याकडं सरकवली. मी बघतच राहिलो. तिचा हात, डाव, कालवणातली वांग्याची फोड. किती साधी गोष्ट.

जेवताना सुभेदार म्हणाले, "हे बघा दादासो, मी तुमची जमीन बघणार नाही, विहीर बघणार नाही. माझी मुलगी या टेबलावर वाढली. तिला दारामागं उभं राहून कुणाचं जेवण उरकायची वाट बघता येणार नाही. तुमच्यात बायामाणसं कधी जेवतात?"

"आमच्याबरोबरच," मी म्हणालो. "सगळे एकत्र बसतो आम्ही."

तोंडातून निघून गेलं. विजयमालानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"असं?" सुभेदार खूश झाले. "मग आम्ही जेवायलाच येतो की. पुढच्या महिन्यात, सोळा तारखेच्या रविवारी. सगळ्यांच्या पंक्तीला बसतो आणि मग बोलू."

परतीच्या गाडीत कऱ्हाडपर्यंत मी हवेत होतो. कऱ्हाड सोडल्यावर आबा आठवले.

२० जानेवारी, सोमवार

सांगून टाकलं. सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं.

आण्णा म्हणाला, "म्हंजी मी आबांच्या देखत बायकूच्या शेजारी बसून जेवू? घास उतरंल का गड्या?"

शालूवैनी पदराआड म्हणाली, "तुमचा न्हाई उतरला तर मला द्या. मी बसनार बया. दुपारपतूर पोटात कावळं वराडत्यात, आन वर दूध पाजायचं ह्याला."

आई गवारीच्या शेंगा मोडत होती. "मला नगं रं दादू. तुमी बसा. माजं बरं हाय मागं."

"काय बरं हाय? परड्यात, फुटक्या ताटात?"

"फुटकं न्हाई ते. पोचं पडल्यात नुसतं."

"तेच ते!"

आबा इतका वेळ तंबाखू मळत होते. उठता उठता म्हणाले, "सुभेदार यील त्या दिशी बसंन. इज्जतीची गोष्ट हाय. तवर माजी भाकरी रानात लावून द्या."

म्हणजे माझ्याबरोबर बसायचं नाही, हे कायम. असू दे. विजयमालासाठी मी आबांशी भांडेन, गावाशी भांडेन, परंपरेशी भांडेन. आईला त्या परड्यातून उठवून घरात आणून बसवीन. तिला सवय झाली आहे, म्हणून तिला कळत नाही, इतकंच.

२६ जानेवारी, रविवार

प्रजासत्ताकदिनीच आमच्या घरात सुरुवात झाली हे बरं झालं.

सोप्यात गोल बसलो. मधोमध भाकऱ्यांची टोपली, कालवणाचं पातेलं, ठेचा, ताक. मी म्हणालो, कुणी कुणाला वाढायचं नाही. तर पाच मिनिटं कुणी हातच लावेना. शेवटी वैनीनं भाकरी उचलली, आधी आण्णाच्या ताटात टाकली, जीभ चावली, परत उचलून आपल्या ताटात घेतली. आण्णा म्हणाला, "गेली का माजी?" आणि सगळे हसलो. आईसुद्धा. पण हसता हसता मागच्या दाराकडं बघितलं तिनं. मांजर आलं असेल.

मग आई एका कडेला बसली. तोंडावर पदर, भिंतीकडं वळून. भाकरीचे तुकडे केले आणि ते नुसते मोडत राहिली.

"आई, जेव की."

"जेवतीया न्हवं."

तेवढ्यात परड्याच्या कुंपणाशी कुणीतरी उभं दिसलं. मेहरुनमावशी. मौला पिंजाऱ्याची बायको. मौला वारून बरीच वर्षं झाली, मुलगा बादशहा मिरजेला असतो, बाजाराच्या दिवशी येऊन जातो. ती आमच्या परड्याला लागून एकटीच राहते, गाद्या शिवते.

"काय पायजे मावशी?" मी उठून विचारलं.

"न्हाई बाबा. कोथमीर हाय का बगाया आलते."

"हाय की. आई, कोथमीर..."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. जेवा तुमी." आणि गेली. कोथिंबीर न घेताच. म्हातारपणी माणूस विसरतं.

३० जानेवारी, गुरुवार

तासगावला जाऊन स्टीलची ताटं आणली. लखलखीत, काठाला नक्षी. घरातली जुनी पितळी, एक फुटका तांब्या आणि ते परड्यातलं जर्मलचं ताट मोडीत घातलं. दुकानदार ते ताट वाजवून बघत म्हणाला, "ह्याचं काय येत न्हाई बगा." मी म्हणालो, नाही आलं तरी चालेल, पण हे माझ्या घरात परत जाणार नाही.

घरी आल्यावर आईपुढं नवी ताटं मांडली. "हे तुझं. सगळ्यात मोठं."

तिनं त्यावरून हात फिरवला. "चांगलं हाय." मग बाहेर गेली, आत आली. "दादू, खिळ्याचं ताट कुटं हाय?"

"मोडीत दिलं."

ती चुलीपुढं बसली. पीठ काढलं, पाणी ओतलं, मळायला लागली. रात्रीच्या भाकऱ्या झाल्या होत्या.

"आई?"

"बरं झालं," म्हणाली. "जुनं झालतं."

मला वाटलं होतं तिला जास्त आनंद होईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पंगत आता रुळली. शालूवैनीच्या तोंडावर तेज आलं आहे. आण्णा बाळाला मांडीवर घेऊन जेवतो, म्हणजे वैनीला दोन्ही हात मोकळे. काल तो स्वतःहून तिला म्हणाला, "ताक घे की गं," आणि लाजून ठसका लागला त्याला. हे सगळं विजयमालानं पाहायला पाहिजे.

आई मात्र खंगल्यासारखी वाटते. अर्ध्या भाकरीच्या वर जात नाही. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले काही नाही, टॉनिक घ्या. टॉनिक कोनाड्यात आहे. झाकण अजून उघडलेलं नाही.

आज आबांशी वाजलं. ते रानातून भाकरी खाऊन आले होते. आम्ही अजून ताटावरच. दारातूनच आण्णाला म्हणाले, "झालं का न्हाई? उठा, बाहीर पडा घरातनं."

मी उसळलो. "आबा, इतकी वर्षं जेवल्याबरोबर वहाणा घालून चालताय. आई जेवली का, असं एकदा तरी इचारलंय तुमी?"

आण्णाचा घास हातातच राहिला. आबांनी आईकडं पाहिलं. आई खाली बघत होती.

"न्हाई इचारलं," आबा म्हणाले आणि आल्या पावली परत गेले.

बोलती बंद केली मी त्यांची. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तरी पण दुपारभर बरं वाटत नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

पाहुण्यांसाठी गाद्या पिंजून घ्यायच्या म्हणून मेहरुनमावशीकडं गेलो. दुपार टळली होती. घरात चूल थंड. टोपलीत सकाळची अर्धी भाकरी तशीच.

"जेवला न्हाई मावशी?"

"एकटीला जेवान म्हंजी नुसतं पोट भरायचं रं. कंटाळा येतो." मग धागा ओवता ओवता विचारलं, "तुजी आई जेवती का नीट?"

"आता आमच्यात सगळी एकत्र जेवतात मावशी. स्टीलच्या ताटात."

"ऐकलं. चांगलं हाय. अल्ला बरकत दिऊ." सुईच्या नेढ्यातून धागा काही जाईना. मी ओवून दिला.

संध्याकाळी गादी घेऊन ती परड्याच्या दारापर्यंत आली. आईनं घेतली. दोघी गादीचं एकेक टोक धरून नुसत्याच उभ्या होत्या. किती वेळ! शेवटी मीच म्हणालो, "आई, दे इकडं, जड असेल." हलकी होती तशी.

विजयमालाचा विचार करतो आहे. ती येणार, या उंबऱ्यातून आत येणार, आमच्या सोप्यात बसणार. हा विचार आला की मला भूक लागत नाही. मग मला समजतं की प्रेमात माणसाचं जेवण का कमी होतं. पण आईला काय झालंय?

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या येणार. सोपा सारवला. ताटं राखेनं घासून घेतली, चिंचेनं पुन्हा घासली. स्टीलला चिंच लागत नाही म्हणे. वैनी हसली.

दिवेलागणीला आई जवळ आली. तिनं आपण होऊन माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणाली, "दादू, एक इचारू? उद्या मेहरूनला बलवू का जेवाया? आपल्यात बसंल."

मी दचकलोच. मेहरुनमावशीबद्दल माझ्या मनात काही नाही. मी असलं मानत नाही, कॉलेजात वादविवादात या विषयावर बोललो आहे. पण उद्या? सुभेदार पहिल्यांदा घरी येणार, आणि पंक्तीत पिंजाऱ्याची म्हातारी? त्यांना काय वाटेल, भावकी काय म्हणेल, आबा उठून गेले तर?

"उद्या नको आई. उद्याचा एक दिवस जाऊ दे. नंतर हवं तेव्हा बोलव. तिला ताट भरून लावून देऊ की आपण."

"बरं," आई म्हणाली. भांडी आत घेऊन गेली.

यात चुकीचं काही नाही. वेळ बघायची असते. एकेक पायरी चढायची असते. दोनदा वाचलं हे मी लिहिलेलं. बरोबर आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

आले. जेवले. होकार दिला!

सगळं नीट लिहितो. आबा फेटा बांधून बसले होते. माझ्या समोर, पण त्याच पंक्तीत. सुभेदारांना एवढं बरं वाटलं की त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वैनी न लाजता बोलली. आण्णानं बाळ विजयमालाच्या मांडीवर दिलं आणि बाळानं तिच्या ताटात हात घातला. ती म्हणाली, "याला कुणी पाळी लावली नाही अजून." आबासुद्धा मिशीत हसले.

मग सुभेदार फौजेतलं सांगायला लागले. "आमच्या लंगरात कोण कुणाचा ते विचारायचं नाही. माझ्या डाव्या हाताला मेरठचा रहमान, उजव्या हाताला सरदारजी. एकदा बर्फात अडकलो तर तिघांत एकच मगा. त्यातच चहा, त्यातच डाळ. आजही त्या रहमानची आठवण आल्याशिवाय डाळ गळ्याखाली उतरत नाही."

माझं तोंड गरम झालं. आईकडं पाहिलं नाही. आबा मात्र बघत होते. तिच्याकडं नाही, माझ्याकडं.

सुभेदार उठताना आबांना म्हणाले, "नाथाजीराव, घर पसंत आहे."

विजयमाला हात धुवायला परड्यात गेली. मी पाणी घालायच्या निमित्तानं मागून गेलो. ती भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडं बघत होती. खिळ्याखाली ताटाएवढा गोल डाग आहे चुन्यावर.

"तुमच्या आई कधी जेवतात?" तिनं विचारलं.

"आत्ताच तर जेवली आपल्याबरोबर."

"नाही. भाकरी मोडत होत्या त्या. खाल्ली नाही. आणि सारखं या दाराकडं बघत होत्या." तिनं हात पुसले. "इथं कुणाचं तरी ताट होतं ना?"

"जुनं होतं. मी काढून टाकलं."

"त्यांना विचारून?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"बाबांचा होकार आहे," ती म्हणाली. "माझा मी नंतर सांगेन."

१७ फेब्रुवारी, सोमवार

काय पाहिजे काय हिला? सगळं घर उलटं केलं तिच्यासाठी. बादलीला लाथ मारली. बादलीला पोचा आला, माझ्या अंगठ्याला सूज.

आजही आई अर्ध्या भाकरीवर उठली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी शालूवैनीला विचारलं. ती बाळाची कुंची शिवत होती. सुई थांबली.

"भावजी, तुमाला खरंच म्हाईत न्हाई?"

"काय?"

"आत्याबाई कुनासंगं जेवत हुत्या त्ये."

मग तिनं सांगितलं. दुष्काळाच्या साली विहीर आटली, तेव्हा आई खडी फोडायला जायची. हे आम्ही कुणाला सांगत नाही. मी होस्टेलला होतो, मला तर घरच्यांनीही सांगितलं नव्हतं. आई आणि मेहरुनमावशी एकाच ढिगावर बसायच्या. सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, वाटायचे तिथं. ज्याचं भांडं त्यानं आणायचं. आईनं घरचं भांडं नेलं नाही, गावानं ओळखलं असतं. मेहरुनमावशीकडं हे जर्मलचं ताट होतं. दोघी त्यातच खायच्या. पाऊस झाला, काम बंद पडलं, पण दोघींचं जेवण काही सुटलं नाही. पुरुषमाणसं रानात गेली की मावशी कुंपणातून यायची. तिच्या घरची भाकरी, आमच्या घरचं कालवण, एक ताट.

"वैनी, तुमी गप का बसला?"

"तुमी कवा इचारलं? तुमी नुसतं सांगत हुता." मग जरा नरमून म्हणाली, "माजं तर भलं झालं भावजी. मला इथंच बसायचंय, तुमच्या पंक्तीत. पर सगळ्यांचं एकच कसं आसंल?"

मी आईच्या नव्या ताटाकडं बघत बसलो. त्यात माझंच तोंड दिसत होतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तडक मेहरुनमावशीकडं गेलो. उशीर लावणं माझ्या स्वभावात नाही.

"मावशी, उद्यापासून आमच्या पंक्तीला यायचं. कुंपणातनं न्हाई, म्होरल्या दारानं. कोण काय म्हनतंय बगतो मी."

ती हसायला लागली. दात नाहीत समोरचे, त्यामुळं हसू सगळं बाहेर येतं.

"पोरा, पंक्तीला कुटं येत हुते मी? तुज्या आईकडं येत हुते."

"तेच की. आता उघड या."

"उघड कशापायी? आमी काय चोरी करत हुतो व्हय?" तिनं गादीवरचा कापूस झटकला. "आरं, तितं आमी काय बोलायचो म्हाईत हाय? बादशहाची बायकू मला कशी बोलती. तुज्या आईची कंबर. कोन मेलं, कोन जगलं. तुज्या आज्ज्यानं तुज्या आईला कसं वागवलं. तुजा बाप समोर बसल्यावर ह्ये बोलू? का तू बसल्यावर? मग नुसता घासच उरतो. घास काय, घरी बी हाय."

मी तिला हात जोडायला गेलो होतो आणि तिनं मला चहा पाजून परत पाठवलं. चहा चांगला होता. राग आलेला होता तरी चांगला लागला.

तिथूनच तासगावला गेलो. मोडीचा दुकानदार म्हणाला, "जर्मल तर कवाच गेलं गड्या, वितळलं बी आसंल." दुसरं तसलंच घेऊन आईपुढं ठेवलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "कोंबड्यांना पानी ठेवाया हुईल."

२४ फेब्रुवारी, सोमवार

नवी व्यवस्था. शाळूची काढणी चालली आहेच. दुपारची भाकरी रानात. आण्णा, मी, आणि वैनीसुद्धा बाळाला घेऊन येते. रानात बांधावर सगळे एकत्र जेवतो. आण्णाला तिथं बायकोशेजारी बसायला लाज वाटत नाही. छप्पर नसलं की माणसाचं धाडस वाढतं बहुतेक. आबा मात्र अजून पलीकडं, घराकडच्या बांधावर, एकटेच.

आईला काही बोललो नाही. दुपारी घर मोकळं असेल, एवढंच म्हणालो.

"बरं," म्हणाली. पण या वेळचं बरं वेगळं होतं. कसं वेगळं, लिहिता येत नाही.

१ मार्च, शनिवार

टॉनिकची बाटली वैनीनं मला दाखवली. तशीच बंद. आई काल कालवणात मीठ कमी आहे म्हणून वैनीवर ओरडली. वैनी खूश आहे. तोंडाला चव आली म्हणे आत्याबाईंच्या.

विजयमालाचं काही कळलं नाही. मी सांगलीला जाणार नव्हतोच. विचारणार नाही. विचारल्याशिवाय सांगणं चुकीचं, तसं विचारत सुटणंही चुकीचं असेल. हे मला जड जातंय.

९ मार्च, रविवार



दुपारी विळा राहिला म्हणून घराकडं निघालो. फाट्यावर एस.टी. थांबलेली. त्यातून विजयमाला उतरली. एकटी. हातात कापडी पिशवी.

मी धावलोच. "होकार द्यायला आलात?"

"जेवायला आले आहे," ती म्हणाली.

"चला, मग मी..."

"तुमच्याकडं नाही." आणि पिशवीतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या दाखवल्या. स्वतः केलेल्या असाव्यात, काठ फाटले होते. "शालूवैनी मागं सांगलीला आल्या होत्या डॉक्टरकडं, बाळाला घेऊन. त्यांनी सगळं सांगितलं मला. परड्याचं दार कुठल्या अंगाला आहे?"

मी हात केला. ती कुंपणाच्या कडेनं गेली. मी मागं निघालो, तर बांधावरून आवाज आला.

"कुटं निगालास?"

आबा. बाभळीखाली बसलेले. तिथून आमचं परडं सरळ दिसतं. शेवगा, भिंत, मोकळा खिळा. आईनं शेवग्याखाली पीठ मळायची परात मांडली होती. तिच्या एका बाजूला मेहरुनमावशी. विजयमाला कुंपणाशी जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. आईनं पदर सावरला, मग मावशीकडं पाहिलं. मावशी सरकली. जागा झाली.

"आबा, ती आलीय. मला जायला पायजे."

"थांब. जेवत्यात."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मग बांधाकडं. त्यांच्या बुडाखालची जागा गवत झडून गुळगुळीत झालेली. एका दिवसात अशी होत नाही.

"आबा, तुमी रोज हितंच बसताय?"

"ऊन लागत न्हाई हितं."

"तुमाला ठावं हुतं. पयल्यापास्नं. म्हनून जेवल्याबरोबर..."

"उभा का ऱ्हायलास? बस खाली."

बसलो. त्यांच्या शेजारी. किती दिवसांनी. मला चार फेब्रुवारीचं आठवलं, मी काय बोललो होतो ते, आणि त्यांनी दिलेलं उत्तर. "न्हाई इचारलं." त्यांनी फडकं सोडलं. भाकरी मोडली. मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला, त्यावर ठेचा.

मी नुसता धरून बसलो.

"खा की," आबा म्हणाले. "हितं ताट न्हाई. फेकायचं म्हनलास तरी."

घास तोंडात होता आणि मला हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणी. ठेचा तिखट होता. आबा समोर बघत चावत होते.

परड्यातून हसणं ऐकू आलं. तिघींपैकी कोण, ते इतक्या लांबून कळलं नाही.